वाळल्यावर बोलू

आमच्या सरांनी पुतण्यासाठी मुलगी बघायला जाऊन जो घोळ घातला, तो रोह्यात अजून सांगतात. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली. तिच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "मग, काय वाटतं आपल्याला?" आणि सर सवयीने म्हणाले, "वाळल्यावर बोलू." मुलीच्या आईने म्हणे आतल्या खोलीत डोळ्यांना पदर लावला. शेवटी काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सगळ्यांना समजावलं की ह्यांचं डोकं असंच आहे, आमटी चाखूनसुद्धा हे असंच म्हणतात, मनावर घेऊ नका. लग्न झालं. पण त्यानंतर सर कुणाकडे मुलगी बघायला गेले नाहीत, कारण कुणी नेलंच नाही.

मला जलरंग शिकवले ते ह्या सरांनी. जलरंगाची एक लबाडी असते. ओला असतो तेव्हा तो असा काही चमकतो की आपणच आपल्यावर खूश होऊन जातो. वाळला की फिका पडतो आणि खरं काय ते दिसतं. म्हणून ओल्या चित्राबद्दल सर अवाक्षर काढायचे नाहीत. चित्र घेऊन गेलं की, "वाळल्यावर बोलू." बरं, वाळल्यावर तरी बोलावं? छे! चित्र उलटं करून हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे, अंगणातल्या दोरीला चिमट्याने लावायचे आणि निघून जायचे. आमची चित्रं त्या दोरीवर काकींच्या परकरांशेजारी लटकत असायची. गावाने त्यांना 'वाळवणमास्तर' नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

मी पेणची. आमच्याकडे गणपतीचा कारखाना. पेणमध्ये हे सांगणं म्हणजे आमच्या घरात चूल आहे असं सांगण्यासारखंच. पण आमच्या कारखान्याचं नाव होतं ते बाबांच्या आखणीमुळे. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, मग तिला पांढरा हात देतात, म्हणजे सगळ्या अंगाला पांढरा रंग. पांढऱ्या हाताशिवाय आमच्याकडे कशालाच रंग लागत नाही. मग अंगाचा रंग, सोवळं, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. त्याला आखणी म्हणतात. बाबांनी डोळे आखले की मूर्ती बघायला लागायची. चेष्टा नाही, लहानपणी मी त्या खोलीत कपडे बदलायची नाही.

बाबांनी मला सातवीपासून आखणीला बसवलं. आधी उंदीर. दोन वर्षं मी नुसते उंदरांचे डोळे आखले. मग छोटे गणपती, मग मोठे. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. तोवर त्यांच्यानंतरचा हात म्हणजे मी, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

आणि माझ्या डोक्यात मुंबई. चित्रकलेच्या कॉलेजात जायचं, पाच वर्षं राहायचं, माणसं काढायची, झाडं काढायची, सोंड नसलेलं काहीतरी काढायचं. पण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली होती. शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या, "तुझं सगळं गणपतीसारखं दिसतं गं. फुलदाणीसुद्धा आशीर्वाद देते. तू रोह्याला जा." अकरावीला मी दर रविवारी सकाळची पॅसेंजर पकडून रोह्याला जायला लागले. बाबांनी अडवलं नाही. त्यांना वाटलं, मुलगी ब्रश चालवायलाच जाते आहे, हात साफ होईल.

पहिल्या रविवारी मी घरून पूर्ण तयारी करून गेले होते. चांगले जाड कागद, ट्यूबचे रंग, बारा नंबरचा ब्रश. सरांनी समोरची कौलं आणि मागचं आंब्याचं झाड काढायला सांगितलं. मी आकाशाचा निळा लावला तर तो कागदावर सरकेना, दुधात कालवल्यासारखा पांढुरका होऊन बसला. सर मागे येऊन उभे राहिले. जिभेला बोट लावलं, कागदाच्या कोपऱ्यावर घासलं, बोट बघितलं. पांढरं.

"पेणची काय गो तू?"

"व्हय."

"कारखान्यातली?"

"व्हय."

"कागदाला पांढरा हात दिलास?"

मी मान डोलावली. दिला होता. आदल्या दिवशी सगळ्या कागदांना पोस्टरचा पांढरा लावून, वाळवून, वरून हात फिरवून गुळगुळीत करून आणले होते. रंगवायचं म्हणजे आधी पांढरा, ह्यात विचारायचं काय? सर पायरीवर बसले आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. "अगं ए, बाहेर ये!" त्यांनी काकींना हाक मारली. "हिने पांढऱ्याला पांढरा लावलाय!" काकी पिठाचे हात घेऊन आल्या आणि त्यांच्यावरच डाफरल्या. "हसताय काय पोरीला? तुम्हाला तरी कळतं काय घरातलं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग सर डोळे पुसत म्हणाले, "बाई गो, कागद पांढराच जन्माला येतो. आपण त्याला मळवतो. कुठे मळवायचा नाही, तेवढं शिकलीस की झालं." आणि हात पुढे केला. "पांढरी ट्यूब दे."

सरांकडे लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती. आत नुसत्या पांढऱ्या ट्यूब. येणाऱ्या प्रत्येकाची ते आधी पांढरी ट्यूब काढून घ्यायचे आणि त्या बरणीत टाकायचे. शिकून झालं की घेऊन जा, म्हणायचे. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. "कुणी नेत नाही का सर?" मी विचारलं. "शिकलेल्याला लागत नाही," ते म्हणाले, "आणि न शिकलेल्याला मी देत नाही."

कागद कोरा सोडणं म्हणजे किती अवघड, ते तेव्हा कळलं. माझा हात भरायला शिकलेला. पांढरं बगळ्याचं पीस, चुन्याची भिंत, पाण्यावरचा उजेड, हे सगळं काढायचं नाही, वाचवायचं. कडेकडेने रंग न्यायचा आणि मधला कागद तसाच ठेवायचा. मी प्रत्येक चित्रात शेवटी ब्रशच्या टोकाने काळी रेघ मारून मोकळी व्हायची. झाडाला रेघ, कौलाला रेघ. सर म्हणायचे, "आखलेस झाडाचे डोळे? बघतंय का आता तुझ्याकडे?"

मला मात्र वेगळीच खाज होती. ह्या माणसाच्या घरात एकही चित्र नव्हतं. भिंतीवर दिनदर्शिका आणि एक आरसा. ड्रॉइंग मास्तरची नोकरी केलेला माणूस, रोह्यातली निम्मी पोरं ह्यांच्या हाताखालून गेलेली, आणि स्वतःचं एक चित्र नाही? मी कपाटावर बघितलं, पलंगाखाली बघितलं, पाणी प्यायच्या निमित्ताने माळ्यावरसुद्धा मान वर करून बघून आले. गावात तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी होत्या. कुणी म्हणे मुंबईच्या प्रदर्शनाने चित्रं परत पाठवली, त्यांनी बंबात घातली. कुणी म्हणे नवस आहे. एसटीडी बूथवाला सांगायचा, मास्तरांना येतच नाही काढता, नुसतं दुसऱ्याला सांगता येतं.

येत होतं. ते मी नदीवर बघितलं होतं. शिकवताना ते आम्हाला कुंडलिकेच्या काठी न्यायचे, बरोबर पांढरं अस्तर लावलेली काळी छत्री. काळ्या छत्रीखाली रंग खोटे दिसतात म्हणून काकींच्या जुन्या साडीचं अस्तर त्यांनी स्वतः शिवलं होतं. काठावरच्या काळ्या कातळावर ब्रश पाण्यात बुडवून ते काढून दाखवायचे. नुसतं पाणी, रंग नाही. ओला दगड काळा दिसायचा, कोरडा दगड उजेड व्हायचा. दोन फटकाऱ्यांत म्हैस उभी राहायची, पाठीवरच्या उन्हासकट. आम्ही "आई शप्पत!" म्हणेपर्यंत शेपूट वाळून गेलेलं असायचं. धुणं धुणाऱ्या बायका विचारायच्या, "मास्तर, दगड धुताय काय?" सर म्हणायचे, "व्हय. तुमचं होऊ दे, मग तुमचाही धुतो."

"काकी, सरांचं एक तरी चित्र असेल ना कागदावरचं?" मी एकदा पोह्याचे पापड द्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा विचारलंच. सर फी म्हणून पेणचे पापड तेवढे घ्यायचे.

"नाय गो," काकी म्हणाल्या. "माझं काढलेलं, लग्न झाल्यावर. विहिरीपाशी धुण्याच्या दगडावर. मी म्हटलं बघू तरी कशी दिसते. हातातली कळशी ठेवून खाली वाकते, तर कपाळ गेलेलं. नाक तेवढं राहिलेलं." त्या हसल्या. "नाक बरं होतं माझं."

शेवटी सरांनाच विचारलं. मला वाटलं, वाळल्यावर बोलू म्हणतील. पण त्यांनी थोडा विचार केला. "कागदावर काढलं की मला ते आवडायला लागतं," ते म्हणाले. "मग मी तेच बघत बसतो. पुढचं निघत नाही." एवढंच. हे खरं उत्तर होतं की मला गप्प करायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांची खोड कधीकधी जिवावर यायची. मला जमलेलं पहिलं चित्र म्हणजे नदीवरचा पूल, खाली पाण्यात सोडलेला उजेड, एकही काळी रेघ नाही. बाबांना दाखवायचं म्हणून मी ते बोर्डाला लावून खडकावर ठेवलं होतं. वरून धरणाचं पाणी सोडलं की कुंडलिका बघता बघता चढते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत, तरी गप्पांत कुणाचं लक्ष नव्हतं. बोर्ड तरंगायला लागला. मी किंचाळून धावले, तर सर माझ्या पुढे, गुडघाभर पाण्यात. वाटलं, वाचवतायत. कसलं काय! पाण्यात वाकून ते बघत होते. "थांब, थांब! निळा निघाला बघ आधी! मातकट चिकटून बसलाय. ये लवकर, बघ!" मी रडकुंडीला आलेली आणि ह्यांना कुठला रंग आधी जातो ह्याची उत्सुकता. मी त्यांना त्या दिवशी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. पण तेव्हापासून पाण्यात काही पडलं की मीसुद्धा आधी तेच बघते.

बारावीची परीक्षा झाली आणि मुंबईच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा जूनमध्ये लागली. घरी विषय निघाला तो मे महिन्यात. कारखान्यात परदेशी जाणारी खेप तयार होत होती, ओट्यावर, अंगणात, जिन्यात पांढरे गणपती, सगळे बिनडोळ्यांचे. बाबा म्हणाले, "मुंबई नाय." मी म्हटलं, का? "का म्हणजे? डोळे कोण आखणार?" आई मध्ये पडली तर तिलाही बोलले. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बूथवरून रोह्याला फोन केला, सरांच्या शेजाऱ्यांकडे, आणि निरोप ठेवला की मी आता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर आमच्या अंगणात, हातात ती छत्री. एसटीने रामवाडीच्या थांब्यावर उतरून चालत आले होते. आईने कोकम सरबत दिलं. बाबा पाटावर बसून मांडीत मूर्ती घेऊन आखत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला, नमस्कार केला आणि सरळ विषयाला आले.

"मास्तर, तुम्ही शिकवलंत, उपकार झाले. पण पोरगी घरची हाय. मला दुसरा हात नाय."

"तुम्हाला दिसतं किती?"

"एका डोळ्यात धुकं हाय. दुसरा चालतो."

"मग तो चालतोय तोवर ती शिकून येईल."

झालं! बाबांचा पारा चढला. "शिकून येईल म्हणजे? हितं काय शिकली नाय? माझ्या बापानं मला शिकवलं, मी हिला. तुम्ही काय शिकवता ते तरी बघू द्या मला. तुमचं एक चित्र दाखवा. एक. रोह्याची माणसं सांगतात, मास्तरांच्या घरात चित्रच नाय!"

मी दाराआड उभी होते. बाबांनी विचारलं ते माझंच होतं, दोन वर्षं मनात घोळलेलं. पण आता त्याच्यावर माझी मुंबई टांगलेली होती आणि सरांकडे दाखवायला काही नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

सर उठले. बादली मागितली. पांढऱ्या हाताचा रुंद ब्रश भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तो धुऊन घेतला आणि अंगणातल्या काळ्या फरशीवर उकिडवे बसले. उन्हाने फरशी अशी तापलेली की मी अनवाणी तिथे पाय ठेवला नसता. त्यांनी काढायला सुरुवात केली. आधी पाठ. मग वाकलेली मान. मांडीत मूर्ती, एक डोळा मिटलेला, दुसरा मूर्तीला भिडलेला, हातात ब्रश. बाबा. जिथे उजेड तिथे फरशी कोरडी सोडलेली. बाबांच्या टकलावरचं ऊनसुद्धा होतं.

बाबा पाटावरून उठून जवळ आले. तोवर पाठ वाळायला लागली होती. खांदा गेला. मूर्ती गेली. मिटलेला डोळा गेला. शेवटी ब्रश धरलेला हात तेवढा राहिला आणि मग तोही गेला. फरशी पुन्हा नुसती फरशी.

"गेलं," बाबा म्हणाले.

"गेलं."

"मग दाखवलंत काय?"

सर घाम पुसत म्हणाले, "आता तुम्ही दाखवा. एवढी वर्षं डोळे आखताय. तुमचा एक डोळा मला दाखवा."

बाबांनी पटकन मागे वळून बघितलं. मागे सगळे पांढरे, कोरे. मघाशी मांडीत होती त्या एका मूर्तीची आखणीही अर्धी. मागच्या वर्षीचे भोगावती नदीत गेले होते, खाडीत गेले होते, मुंबईच्या समुद्रात गेले होते. त्याच्या मागच्या वर्षीचेही. बाबा तिथेच ओट्याच्या कडेला बसले.

"एक पण नाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माझ्या बापाचा पण नाय."

मग बाबांनी हळूच विचारलं, "मास्तर, माझी मान एवढी वाकते?"

"एवढी वाकते."

"हं." बाबांनी मानेवरून हात फिरवला आणि आत बघून आईला ओरडले, "अगो, मास्तरांना पान वाढ! उन्हातून आलेत."

बाबा हो म्हणालेच नाहीत, आजपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने ब्रश घेऊन त्यांच्या शेजारी बसले, तर म्हणाले, "तू तुझा कागद बघ. माझ्यात येऊ नको." पुढचा सबंध महिना मी माजघरात कांदे आणि कपबशा काढत होते आणि बाहेर बाबा एकटे आखत होते. एकेका डोळ्याला पूर्वी लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागत होता. मला सगळं दिसत होतं आणि तरी मी उठले नाही, कारण उठले असते तर त्यांनी मला ब्रश फेकून मारला असता.

प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू झालं आणि गणपतीला मी पहिल्यांदा पाहुणीसारखी घरी आले. ओट्यावर गडब गावचे एक काका बाबांशी बोलत होते. त्यांची मिठागरं, दरवर्षी गणपती आमच्याकडचाच.

"वाईट नको वाटून घेऊ," काका म्हणत होते, "पण आमचा बाप्पा या वर्षी जरा बाजूला बघतोय रे. समोर उभं राहिलं की नजर लागत नाय."

"मुंबईकडं बघतोय," बाबा म्हणाले. "पोरगी गेलीय ना तिकडं."

काका खो खो हसले. बाबाही हसले. मी आत जाऊन आईच्या पदरात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेले. सर दरवर्षी गणपती रोह्यातूनच आणायचे. त्या वर्षी मुद्दाम पेणला येऊन आमच्याकडचा घेऊन गेले होते, हे मला आईने सांगितलं होतं. मखर साधंच, जास्वंदीची फुलं, दोरीवरचे चिमटे लावून बांधलेला पडदा. मी हात जोडले, वर बघितलं आणि हात तसेच राहिले. डावा डोळा सरकला होता. बुबुळ जरा वर, कड जरा जाड. बाबांनी असा डोळा आखलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. असली मूर्ती त्यांनी पूर्वी गिऱ्हाइकाला दिलीच नसती, पुसून पुन्हा आखली असती. पुसून पुन्हा आखलीही असेल. कितीदा, कोण जाणे.

"सर," मी म्हटलं, "बाबांना आता दिसत नाही नीट. डोळा..."

सर उठले. मूर्तीजवळ जाऊन बोटाचं टोक त्या डोळ्याच्या कडेला अलगद लावलं, बोट बघितलं. मग दोन पावलं मागे आले, डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

"वाळलंय," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "चांगलं आहे."

दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या, त्यासुद्धा बघत राहिल्या.

पाचव्या दिवशी विसर्जनाला मी पुन्हा गेले. सर स्वतः मूर्ती घेऊन कुंडलिकेत उतरले, कमरेपर्यंत गेले, बुडवली, आणि सगळे वर आले तरी ते तिथेच पाण्यात वाकून उभे. काकी काठावरून ओरडत होत्या, "अहो, या आता बाहेर, सर्दी होईल!" शेवटी निथळत वर आले.

"आधी काय गेलं?" मी विचारलं.

"सोवळं. पिवळा लगेच गेला."

"आणि डोळे?"

सरांनी सदऱ्याचं टोक पिळलं. "होते," ते म्हणाले. "मी वर येईपर्यंत होते."